डोळे कोरडे आणि पदर ओला

मैत्रिणींनो, आधी एक साधा प्रश्न विचारते. संध्याकाळ झाली की तुमच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं का? पंख्याखाली बसलं की चुरचुरतं का? वाचताना अक्षरं मधूनच पुसट होतात आणि दोनदा डोळे मिटून उघडले की पुन्हा स्वच्छ दिसतात, असं होतं का? आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे, काही कारण नसताना डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं का? यांतल्या दोन प्रश्नांना जरी तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी हा लेख तुमच्यासाठी आहे. भाजी निवडता निवडता वाचलात तरी चालेल.

मी नगरला सावेडीत राहते. २०२४ पासून कागदोपत्री आमचं गाव अहिल्यानगर झालं आहे, पण जिभेला अजून ‘नगर’च सापडतं. घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, साडीला फॉल लावणं, लग्नसराईत थोडं भरतकाम. म्हणजे माझी सगळी भिस्त बोटांवर आणि डोळ्यांवर. पन्नाशी आली, पाळी थांबली आणि त्याच सुमाराला डोळ्यांनी असहकार पुकारला. दिवेलागणीला सुई ओवायला घ्यावी तर एकाचे दोन दोरे दिसायचे. ऐन लग्नसराईत रात्रीचं काम बंद पडलं. घरात जे चार पैसे माझ्या हाताने येत होते, ते निम्म्यावर आले.

बरं, दुखणं सांगावं तरी पंचाईत! श्रीरामपूरला एका लग्नात मंडपातल्या मोठ्या पंख्यासमोर बसले होते. डोळ्यांतून धारा लागल्या. दोन बायकांनी जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला आणि तिसरीने हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना गं?” घरी सासूबाई म्हणायच्या, “माहेरची आठवण आली वाटतं.” आमचे हे म्हणायचे, “मोबाईल कमी बघत जा.” आणि डॉक्टरांनी ‘डोळे कोरडे पडलेत’ असं सांगितल्यावर तर घरात हसूच फुटलं. पदर ओला होतोय आणि म्हणे डोळे कोरडे!

यात हसण्यासारखं काही नाही, हे समजायला मला जरा वेळ लागला. तेच आधी तुम्हाला सांगते.

आसवांवरचा तवंग

आपल्या डोळ्यावर आसवांचा एक पातळ पडदा कायम पसरलेला असतो. त्यात पाणी असतं, डोळ्याला धरून राहणारा थोडा चिकट अंश असतो आणि सगळ्यांत वर तेलाचा एक अगदी नाजूक थर असतो. रश्शावर तवंग असला की रस्सा लवकर निवत नाही, त्याची वाफ कोंडून राहते, हे तुम्हा-आम्हाला कुणी शिकवायला नको. डोळ्यावरचा तवंगही तेच काम करतो. तो असेल तर पाणी टिकतं, नसेल तर उडून जातं.

हे तेल येतं पापण्यांच्या कडेमधून. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० बारीक ग्रंथी उभ्या रांगेत असतात. हाइनरिख मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. त्यांतलं तेल घट्ट झालं, थंडीत खोबरेल गोठावं तसं, की तोंडं बुजतात. तवंग धरत नाही. डोळा सुकतो, चरचरतो. मग डोळा घाबरून मोठ्या अश्रुग्रंथीला हाक मारतो आणि ती भसाभसा पाणी सोडते. पण त्या पाण्यावर तवंग नसतोच. ते गालावरून ओघळून जातं आणि डोळा पुन्हा कोरडाच. पदर ओला होतो तो असा.

कोरड्या डोळ्याचा दुसराही प्रकार आहे. त्यात मुळात पाणीच कमी तयार होतं. पुष्कळदा दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. पण तेल कमी पडण्याचा प्रकार जास्त आढळतो.

हा त्रास आपल्यालाच का, असं वाटेल. पाळी जाण्याच्या सुमाराला शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि त्याचा परिणाम या ग्रंथींवरही होतो. टक लावून शिवताना, वाचताना, मोबाईल बघताना आपण डोळे मिचकावायचेच विसरतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लवते, ती निम्म्याहूनही कमी लवते आणि तीसुद्धा अर्धवट. काही गोळ्यांनी, विशेषतः सर्दी-ॲलर्जीच्या, डोळे सुकतात. त्यात आपला मुलूख पर्जन्यछायेतला. अकोल्याचा पश्चिम भाग, भंडारदरा-घाटघर सोडलं तर जिल्हाभर हवा कोरडी. सुप्याकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या, वारंही तसंच आहे. उन्हाळ्यात दोरीवरचं धुणं तासाभरात वाळतं, तिथे डोळ्यावरच्या आसवांची काय कथा!

‘आयपीएल’ घ्या म्हणाले

औषधाचे थेंब वर्षभर घातले. घातले की तेवढ्यापुरतं बरं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग एका ठिकाणी मला सांगण्यात आलं की, “आता थेंब नको, गोळी नको, प्रकाशाने बरं करतो. आयपीएल घ्या.” आमच्या घरात आयपीएल म्हटलं की सगळ्यांच्या माना टीव्हीकडे वळतात. पण हे क्रिकेट नव्हे. तीव्र प्रकाशाचे क्षणभराचे झोत, त्याच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं. चार बैठकींचा जो एकत्रित आकडा सांगितला, त्यात एक नवं शिलाई मशीन आलं असतं. पैसे आगाऊ भरले तर सवलत. माझी पापणी मात्र कुणी उलटून पाहिली नव्हती.

आकडा ऐकून मी घरी आले आणि आधी समजून घ्यायचं ठरवलं. जे समजलं ते असं.

हा प्रकाश मुळात कातडीच्या डॉक्टरांचा. चेहऱ्यावर लाली येते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, अशा रोगावर १९९० च्या दशकापासून तो वापरात आहे. अमेरिकेत मेम्फिस शहरातले नेत्रतज्ज्ञ डॉ. रोलांडो टोयोस यांच्या २००० नंतरच्या काळात लक्षात आलं, की चेहऱ्यासाठी हा उपचार घेणाऱ्यांचे कोरडे डोळेही सुधारताहेत. तिथून तो डोळ्यांच्या दवाखान्यात शिरला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लुमेनिस कंपनीच्या अशा एका यंत्राला, ग्रंथी बुजल्यामुळे होणाऱ्या कोरड्या डोळ्यांसाठी मान्यता दिली.

करतात कसं? डोळ्यांवर प्रकाश न जाणारं कवच बसवतात. गालांवर आणि नाकावर थंड लेप लावतात. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, खालच्या पापणीच्या खाली, प्रकाशाचे झोत सोडतात. रबरबँड ओढून सोडल्यासारखा चटका बसतो. प्रकाश डोळ्यात जात नाही, तो कातडीवरच काम करतो. तिथल्या सुजलेल्या बारीक शिरांमधलं रक्त तो शोषून घेतं, तापतं आणि त्या शिरा मिटतात. त्यामुळे पापणीच्या कडेची जळजळ कमी होते. उबेने तेलही सैल होतं. त्यानंतर बहुतेक डॉक्टर पापणी हलकेच दाबून साचलेलं तेल बाहेर काढतात. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने अशा साधारण चार बैठकी होतात.

गुण येतो का? पुष्कळांना येतो. पण २०२० मध्ये कोक्रेन या संस्थेने तोवरच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा निकषांत बसणाऱ्या फक्त तीन निघाल्या, सगळ्या मिळून ११४ माणसांच्या. पुरावा पुरेसा नाही, असाच निष्कर्ष निघाला. त्यानंतर आणखी चाचण्या झाल्या आणि चित्र पुष्कळ उजळलं. तरीही हा एकदा घेतला की कायमचा सुटलो असा उपचार नाही. काही महिन्यांनी, वर्षाने पुन्हा एखादी बैठक लागते. आगाऊ पैशांची सवलत सांगताना हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी रोग ओळखा

यांच्याशी बोलून मी पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तपासण्या केल्या आणि एकेक समजावूनही सांगितली. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी किती मिलिमीटर भिजते त्यावरून पाणी किती तयार होतं ते कळतं. ऑटो शिर्मर या जर्मन डॉक्टरांनी १९०३ मध्ये सांगितलेली ही तपासणी आजही चालते आहे. पाच मिलिमीटरसुद्धा भिजली नाही तर पाणी फारच कमी समजायचं. मग डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं, की आसवांचा पडदा किती सेकंदांत फाटतो. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो कच्चा. शेवटी पापण्या दाबून तेल कसं येतंय ते पाहिलं. चांगलं तेल गोडेतेलासारखं पातळ येतं. माझं टूथपेस्टसारखं आलं.

म्हणजे माझं पाणी ठीक होतं, तेल बुजलं होतं. प्रकाशाचा उपचार नेमका याच प्रकारासाठी असतो. मी म्हटलं, “मग करून टाका.” तर बाईंनी माझा हात उजेडात धरला आणि विचारलं, “उन्हात काम करता का?” एप्रिलचे दिवस होते. आठवडाभर गच्चीवर कुरडया-पापड घातलेले. मुळात मी सावळी, त्यात रापलेली. त्या म्हणाल्या, “या रंगावर हा झोत मी मारणार नाही.”

मैत्रिणींनो, हे नीट वाचा. प्रकाश रक्त शोषून घेतं तसाच कातडीतला काळा रंगही शोषून घेतो. कातडी जितकी सावळी, तितकी ती जास्त तापते. भाजण्याची, फोड येण्याची, मागे काळे किंवा पांढरे डाग राहण्याची भीती असते. कातडीचे सहा प्रकार मानतात. १९७५ मध्ये अमेरिकेतले डॉ. फिट्झपॅट्रिक यांनी पहिले चार मांडले, तेही गोऱ्या लोकांपुरतेच. गव्हाळ-सावळ्या आणि काळ्या कातडीचे पाचवा-सहावा प्रकार मागाहून जोडले गेले. अमेरिकेतली मान्यतासुद्धा पहिल्या चार प्रकारांपुरतीच आहे. आपल्यात गव्हाळ, सावळ्या बायका घरोघरी. तेव्हा ‘माझ्या रंगाला चालेल का?’ हा प्रश्न लाजायचा नाही. तो पहिला विचारायचा. तसंच गरोदरपणात, उन्हाने त्रास होणारा ल्युपससारखा रोग असताना, किंवा प्रकाशाने अंगावर चट्टे येतील अशी डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइनसारखी गोळी चालू असताना आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

दुसरा एक सौम्य प्रकार आहे, लाल प्रकाशाचा. मिटलेल्या डोळ्यांवर मुखवटा ठेवतात. त्यातले बारीक लाल दिवे पंधराएक मिनिटं मंद उजेड आणि ऊब देतात. चटका नाही, झोत नाही. सावळ्या कातडीला तो जास्त सोसतो. त्याचा पुरावा मात्र अजून कोवळा आहे, चाचण्या लहान आहेत.

तिघींच्या तीन गोष्टी

माझी राहुरीची धाकटी जाऊ गोरीपान. तिच्याही ग्रंथी बुजलेल्या. तपासण्या करून, कातडी बघून तिला आयपीएलच दिलं. तिसऱ्या बैठकीनंतर तिला फरक जाणवला. मधल्या काळात ऊन टाळायचं, मलम लावायचं, सगळं तिने पाळलं. आठेक महिन्यांनी पुन्हा थोडी चुरचुर सुरू झाली, तेव्हा एक बैठक घेतली. ती खूष आहे.

शेजारच्या काकूंची गोष्ट वेगळी. त्यांचे डोळे कोरडे, तोंडही कोरडं. पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरेना. बोटांचे सांधे सुजायचे. त्यांनाही कुणीतरी ‘प्रकाशाचं कर’ म्हणून सुचवलं होतं. तपासणीत निघाला शोग्रेनचा विकार. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश डॉक्टरांनी १९३३ मध्ये तो मांडला. या विकारात शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उठतं आणि दहातल्या नऊ रुग्ण बायकाच असतात. तिथे नुसत्या प्रकाशाने भागत नाही. काकू आता संधिवाताच्या डॉक्टरांचं औषध घेतात. चार बैठकींचे पैसे आणि चार महिने वाया गेले असते, आणि रोग आत वाढत राहिला असता.

आणि मी? मी लाल मुखवट्याच्या काही बैठकी घेतल्या, दोन वेळा पापण्या दाबून तेल काढून घेतलं आणि घरचा शेक नेमाने चालू ठेवला. कशाने किती गुण आला हे वेगळं काढता येत नाही. पण रात्री नऊपर्यंत सुई ओवते. आजार गेला नाही, मुठीत आला. थेंबही सुटले नाहीत, दिवसातून सहा वेळांवरून दोनवर आले. ‘औषधाविना’ या शब्दाचा अर्थ एवढाच घ्यायचा.

पैसे मोजण्याआधी

चार प्रश्न कागदावर लिहून न्या. एक, माझ्यात पाणी कमी आहे की तेल? दोन, ग्रंथी नुसत्या बुजल्यात की सुकून गेल्यात? कारण पार सुकलेली ग्रंथी प्रकाशाने पुन्हा उगवेल असं धरून चालू नये. तीन, माझ्या कातडीला हा झोत चालेल का? आणि चार, पुन्हा कधी लागेल आणि त्याचे किती? उत्तरं धड मिळाली नाहीत तर पर्स उघडू नका. पहिल्या तपासणीसाठी पुण्या-मुंबईलाच जायला हवं असंही नाही. आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे नेत्रविभाग आहेत.

घरचा शेक मात्र आजच सुरू करता येईल. दोन स्वच्छ सुती रुमाल घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. एक रुमाल दोन मिनिटांत निवतो, म्हणून दुसरा तयार ठेवा. असं आठ-दहा मिनिटं. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या कडेकडे, अलगद चोळा. डोळ्याच्या बुबुळावर दाब नको. कड ओल्या कापसाने पुसून घ्या. एक-दोन दिवसांत फरक दिसत नाही, महिनाभर तरी धीर धरा.

शिवताना एक शिवण संपली, वाचताना पान संपलं की डोळे पूर्ण मिटा, दोन आकडे मोजा आणि उघडा. पंखा तोंडावर घेऊ नका. गाडीवर मागे बसतानाही चष्मा लावा. काजळ पापणीच्या आतल्या कडेला भरू नका. त्या ग्रंथींची तोंडं तिथेच असतात. माशाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूलबद्दल विचाराल तर, अमेरिकेत ५३५ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत (२०१८) त्यांचा उपयोग ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा जास्त दिसला नाही.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, तूप यांतलं काहीही आपल्या मनाने डोळ्यात घालू नका. औषधाच्या दुकानातून ‘लाली जाण्याचे थेंब’ आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर काचबिंदू, मोतीबिंदू ओढवतो. आणि डोळा ठणकला, उजेड सोसेना, नजर अंधूक झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शेकाला दहा मिनिटं लागतात. माझी ती दहा मिनिटं दुपारी तीनची. सुरुवातीला सासूबाई म्हणायच्या, “भरल्या दुपारी डोळे झाकून बसायचं म्हणजे!” आता त्याच दुसरा रुमाल पिळून हातात देतात, आणि परवा म्हणाल्या, “जरा माझ्याही डोळ्यांवर ठेव गं.” वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, की त्यांचेही डोळे कितीतरी वर्षं टोचतात. चुलीच्या धुराने होत असेल, म्हणून बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांना तपासायला नेते आहे. तुमच्या घरात कुणी अशी न बोलता पदराने डोळे टिपत असेल, तर तिला तेवढं विचारा.